काचेंतील तळें

मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे. मासे घरांत जगविण्याची विद्या मात्र त्या मानानें अलीकडची आहे. चीनमध्यें सुंग घराण्याच्या काळीं सोनेरी मासे राजवाड्यांतील तळ्यांत पाळले जात. तेथून ते जपानांत आणि पुढें सतराव्या शतकांत युरोपांत पोंचले. लंडनच्या सॅम्युएल पेपीसनें १६६५ सालच्या रोजनिशींत काचेच्या भांड्यांत ठेवलेल्या परदेशी माशांची नोंद केलेली आहे. परंतु तळें निराळें आणि भांडें निराळें. तळ्यांतील माशाची काळजी तळेंच वाहतें; भांड्यांतील माशाची काळजी माणसाला वाहावी लागते. पाणी बदलण्यास उशीर झाला कीं मासा पृष्ठभागाशीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागतो, आणि त्यानंतर फार वेळ उरत नाहीं. तेव्हां भांड्यांतच तळें उभें करतां येईल काय, हा खरा प्रश्न होता. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील एका रसायनशास्त्रज्ञानें हातीं घेतला.

रॉबर्ट वॉरिंग्टन हें त्याचें नांव. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या जुन्या मंडळाच्या प्रयोगशाळेंत तो रसायनतज्ज्ञ होता, आणि १८४१ सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांत त्याची गणना होते. त्याच्यापुढें दोन जुने प्रयोग होते. जोसेफ प्रीस्टले यानें १७७१ सालीं असें दाखविलें होतें कीं, मेणबत्ती जळून निकामी झालेल्या कोंडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली, तर कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळूं शकते. पुढें १७७९ सालीं यान इंगेनहाउझ यानें त्यांत महत्त्वाची भर घातली. हवा शुद्ध करण्याचें हें काम वनस्पतीचा हिरवा भागच करतो, आणि तेंही केवळ उजेडांत. अंधारांत वनस्पतिही प्राण्यांप्रमाणेंच हवा दूषित करते. हवेंत जें घडतें तें पाण्यांतही घडलें पाहिजे, असा वॉरिंग्टनचा तर्क होता.

१८४९ च्या मे महिन्यांत त्यानें सुमारे १२ गॅलन, म्हणजे आजच्या मापानें सुमारे ५४ लिटर पाणी मावेल असें एक काचपात्र घेतलें. तळाशीं धुतलेली वाळू व खडे पसरले, झऱ्याचें पाणी घातलें, वॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. फितीसारख्या लांब पानांची ही वनस्पति भारतांतील तळ्यांतही आढळते. तिचा संसार मोठा नवलाचा आहे. नरफुलें पाण्याखालीं तयार होऊन सुटतात व तरंगत वर येतात. मादीफूल लांब, सडपातळ देंठावर पृष्ठभागापर्यंत चढतें. आणि फलधारणा होतांच तो देंठ मळसूत्रासारखा गुंडाळत जाऊन फळाला खालीं ओढून घेतो.

प्रारंभीं सर्व ठीक चाललें. पण जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळलें, काचेवर हिरवें शेवाळ चढलें आणि मासे धोक्यांत आले. वनस्पति प्राणवायु देत होती. परंतु तिचीच मेलेलीं पानें माशांना मारावयास निघालीं होतीं! वॉरिंग्टननें पाणी फेंकून दिलें नाहीं. तळ्यांत हा कचरा कोण काढतें, असा विचार करून त्यानें पांच-सहा पाणगोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व शेवाळ खाऊन टाकलें, पाणी निवळलें, आणि त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडलीं. वनस्पति, मासा व गोगलगाय असें हें तिघांचें कुटुंब पाणी न बदलतां नांदत असल्याचें त्यानें १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें मांडलें.

या शोधाला काळही अनुकूल होता. इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालीं उठला होता, त्यामुळें काच स्वस्त होत चालली होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथानें ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरीं नेला. मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत काचेचीं तळीं मांडण्याची लाटच उसळली. परंतु एका तपाच्या आंतच ती ओसरूं लागली. गृहस्थ टाकी खिडकींत उन्हांत ठेवीत, हौसेनें मासे वाढवीत नेत, आणि ‘समतोल’ साधला आहे या भरंवशावर निश्चिंत राहात. मग पाणी हिरवें होई आणि मासे मरत.

चूक कोठें होती? इंगेनहाउझनें सांगितलेली अंधाराची गोष्ट लोकांच्या ध्यानांत राहिली नव्हती. रात्रीं झाडें प्राणवायु देत नाहींत, उलट घेतात. मग रात्रभर माशांना कोण जगवितें? पाण्याच्या पृष्ठभागावरील हवा! याचा पुरावा एका मोलकरणीच्या हातीं कधींच होता. १८४६ सालीं अ‍ॅना थिन या बाईनीं समुद्रांतील प्रवाळजीव लंडनमध्यें आणले, तेव्हां त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत बराच वेळ ओतीत असे. त्या श्रमानेंच पाण्यांत हवा मिसळे आणि ते जीव जगत. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयांतील जेम्स अ‍ॅट्झ यानें १९४९ सालीं स्पष्टच लिहिलें कीं, झाडें व मासे यांच्यामधील वायूंचा समतोल ही एक दंतकथा आहे. टाकींतील श्वासोच्छ्वासाचा मुख्य व्यवहार पाणी व हवा यांच्यामध्येंच चालतो.

दुसरें उत्तर त्याहूनही सूक्ष्म होतें. माशांच्या मलमूत्रांतून व कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया हें विष तयार होतें. त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करणारे सूक्ष्मजंतु १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेइ विनोग्राड्स्की यानें वेगळे करून दाखविले. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य, आणि झाडांना खत. म्हणजे वॉरिंग्टनच्या कुटुंबांत तिघे नव्हते. वाळूंत व खड्यांवर राहणारा चौथा घटक डोळ्यांना दिसत नव्हता, इतकेंच.

या ज्ञानाचें फळ जपानमधील ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या घरीं दिसलें. पूर्वी व्यावसायिक सायकलपटू असलेल्या या निसर्गछायाचित्रकारानें आपल्या निइगाता येथील घरांत सुमारे ४ मीटर लांबीची, दीड मीटर उंचीची टाकी बांधविली. तिच्यांत ९ हजार लिटरांच्या आसपास पाणी होतें. वॉरिंग्टनच्या काचपात्राच्या दीडशे पटींहून अधिक. एवढ्या पाण्याचें वजनच ९ टन भरतें. अशा टाकीचा विचार घराच्या पायापासून करावा लागतो. मोठ्या टाकीचा लाभ असा कीं तिच्यांत उष्णता व विष हळूहळू वाढतें, आणि चूक सुधारण्यास अवधि मिळतो. अमानो यांच्या पद्धतींत पौष्टिक माती, भरपूर उजेड आणि पाण्यांत सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायु यांच्या बळावर आधीं दाट झाडी वाढवितात. मासे मागाहून येतात. आणि शेवाळ कोण काढतें? एक लहानसा झिंगा! त्याला आज जगभर अमानोंच्याच नांवानें ओळखतात. वॉरिंग्टनच्या गोगलगाईचें काम सव्वाशें वर्षांनंतर झिंग्याकडे आलें. २०१५ सालीं लिस्बनच्या मत्स्यालयांत अमानो यांनीं ४० मीटर लांबीचें व १ लक्ष ६० हजार लिटरांचें पाणवन उभें केलें. त्याच वर्षीं त्यांचें निधन झालें.

या सगळ्या इतिहासांतून श्रोत्यांनीं एक क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. प्रथम माती, मग झाडें, मग पाणी. नंतर कांहीं आठवड्यांची प्रतीक्षा, म्हणजे न दिसणारे सूक्ष्मजंतु वस्तीस येतील. मग सफाई करणारे लहान जीव. आणि सर्वांच्या शेवटीं मासे, तेही मोजकेच. हौशी माणूस बहुधा उलट्या टोंकानें आरंभ करतो, कारण त्याचें मन माशावर जडलेलें असतें. परंतु नदींतल्या माशाला पाणी बिघडलें तर दुसरीकडे जातां येतें. काचेच्या चार भिंतींत कोंडलेल्या माशाला ती सोय नाहीं. त्याला घरीं आणण्यापूर्वी त्याचें घर तयार असणें, एवढें तरी त्याचें देणें लागतें.