जुन्या पाणबुडीच्या जागी काय? माझगाव आणि वास्को या दोन गोद्यांचा इतिहास

१/ ९ डिसेंबर २०१० रोजी आयएनएस वागली ही पाणबुडी विशाखापट्टणम येथे नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली. ती दाखल झाली होती १९७४ साली. तिच्याबरोबर सोव्हिएत बनावटीच्या ‘फॉक्सट्रॉट’ पाणबुड्यांचे पर्व भारतात संपले. पुढच्या पिढीच्या पाणबुड्या मात्र तोवर मुंबईच्या गोदीतच अपुऱ्या अवस्थेत उभ्या होत्या. हा विलंब कोठून आला, याचा हा मागोवा.

२/ भारताने पाणबुड्यांसाठी प्रथम ब्रिटनकडे पाहिले होते. तेथे मनाजोगत्या अटी मिळाल्या नाहीत, तेव्हा १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा बंदरात पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, नौदलात दाखल झाली. ८ डिसेंबर हा आजही नौदलाचा पाणबुडी दिन आहे.

३/ दुसऱ्या पाणबुडीचे नाव होते खांदेरी. थळच्या किनाऱ्यासमोरील ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधाला न जुमानता जलदुर्ग उभारला, त्याचेच हे नाव. १९७४ पर्यंत अशा आठ पाणबुड्या आल्या. आठही परदेशात बांधलेल्या होत्या.

४/ पाणबुडीचे मोल काय, हे १९७१ च्या युद्धाने दाखवले आणि तेही शत्रूच्या हातून. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. १९४ जणांनी प्राण गमावले. हे सारे एका पाणबुडीने केले होते.

५/ पाणबुडी म्हातारी होते म्हणजे काय? पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. ३०० मीटर खोलीवर कवचावर पृष्ठभागापेक्षा ३० वातावरणांचा जादा दाब असतो. प्रत्येक बुडीत पोलाद किंचित आवळते, वर येताना सैल होते. हजारो बुड्यांनंतर धातू थकतो. बॅटऱ्या क्षीण होतात, यंत्रांचा आवाज वाढतो; आणि जिचा आवाज ऐकू येतो ती पाणबुडी लपू शकत नाही.

६/ अशा वेळी कोणत्याही नौदलापुढे चार मार्ग असतात. तयार पाणबुडी विकत घ्यावी. परक्या आराखड्यावर ती स्वतःच्या गोदीत बांधावी. मित्रराष्ट्राकडून भाड्याने घ्यावी. किंवा जुनीचीच मोठी दुरुस्ती करून आयुष्य वाढवावे. भारताने चारही मार्ग चोखाळले. ‘चक्र’ नावाच्या दोन अणुपाणबुड्या रशियाकडून भाड्यानेच आल्या होत्या, एक १९८८ मध्ये आणि दुसरी २०१२ मध्ये.

७/ ‘फॉक्सट्रॉट’च्या जागी काय आणावे, याचा विचार १९७० च्या दशकात सुरू झाला. स्वीडनची कॉकम्स आणि पश्चिम जर्मनीची एचडीडब्ल्यू या कंपन्या स्पर्धेत होत्या. ११ डिसेंबर १९८१ रोजी एचडीडब्ल्यूशी करार झाला. दोन पाणबुड्या जर्मनीतील कील येथे आणि दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या, असे ठरले. त्याच दशकात सोव्हिएत संघाकडून ‘किलो’ वर्गाच्या पाणबुड्या तयार स्थितीत घेण्याचाही निर्णय झाला.

८/ माझगाव डॉक ही १९६० पासून सरकारी मालकीची गोदी. १९७२ मध्ये नौदलात आलेली आयएनएस निलगिरी ही युद्धनौका येथेच बांधली गेली होती. परंतु पाणबुडी ही वेगळीच विद्या. तिचे कवच अचूक गोल असावे लागते. गोलाईतला अल्पसा दोषही त्याची ताकद घटवतो. जोडांची क्ष-किरणांनी तपासणी होते. येथे खरा कारागीर वेल्डर. माझगावच्या माणसांनी ही विद्या कीलमध्ये राहून आत्मसात केली.

९/ कीलमध्ये बांधलेल्या शिशुमार आणि शंकुश १९८६ मध्ये दाखल झाल्या. माझगावची पहिली पाणबुडी, आयएनएस शल्की, ७ फेब्रुवारी १९९२ रोजी आणि दुसरी, आयएनएस शंकुल, २८ मे १९९४ रोजी दाखल झाली. भारतात पाणबुडी बांधता येते, हे सिद्ध झाले. उशीर पुष्कळ झाला होता. पण पहिल्या प्रयत्नात लागणारा तो वेळ शिक्षणाचा होता. त्या शिक्षणाचे फळ पुढच्या पाणबुड्यांत मिळायचे होते.

१०/ पुढच्या पाणबुड्या आल्याच नाहीत. या व्यवहारात कमिशन दिले गेल्याचा आरोप १९८७ मध्ये पुढे आला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचे आदेश दिले आणि एप्रिलमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा विचार मागे पडला. चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली.

११/ १९९४ नंतर माझगावच्या पाणबुडी विभागात नवे काम उरले नाही. आराखडे कपाटात जपता येतात, यंत्रे तेल घालून ठेवता येतात. वेल्डरचा हात मात्र कामानेच टिकतो. काही कारागीर निवृत्त झाले, काही दुसऱ्या कामांवर गेले. नव्या पिढीला शिकवायला समोर पाणबुडीच नव्हती. कीलहून आणलेली विद्या अशी कोणताही आदेश न निघता विरून गेली.

१२/ हे घडत असताना चारशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, गोव्यात, नेमके उलट घडत होते. तेथे प्रश्न होता गस्ती जहाजांचा. मुंबई हायची तेलक्षेत्रे आणि विस्तीर्ण सागरी क्षेत्र यांच्या राखणीला क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका पाठवणे म्हणजे राईसाठी उखळ वापरणे. त्यासाठी हवे असते हलक्या शस्त्रांचे, कमी खर्चाचे आणि समुद्रात दीर्घकाळ राहू शकणारे जहाज.

१३/ १९८० च्या दशकाअखेरीस नौदलाने ‘सुकन्या’ वर्ग निवडला. सातांपैकी तीन जहाजे दक्षिण कोरियात आणि चार विशाखापट्टणमला बांधली गेली. त्यांपैकी ‘सरयू’ पुढे २००० साली श्रीलंकेला देण्यात आले.

१४/ वास्कोची गोवा शिपयार्ड ही गोदी १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात तिने छोट्या नौकांपासून काम वाढवत नेले. १९९० च्या दशकात तटरक्षक दलासाठी ‘समर’ वर्गाची गस्ती जहाजे, पुढे ‘संकल्प’, मग ‘समर्थ’. जहाजे डोळ्यांत भरणारी नव्हती. पण एक जलावतरण झाले की दुसऱ्याचे पोलाद कापायला घेतले जाई. विद्या हातातून हातात जात राहिली.

१५/ म्हणूनच ‘सुकन्या’नंतरच्या गस्ती जहाजांसाठी परदेशात जावे लागले नाही. गोव्यातच बांधलेले नवे आयएनएस सरयू २१ जानेवारी २०१३ रोजी दाखल झाले. याच वर्गातील आयएनएस सुमित्राने २०१५ मध्ये युद्धग्रस्त येमेनमधून शेकडो भारतीयांना बाहेर काढले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच जहाजाने सोमाली चाच्यांच्या तावडीतून दोन इराणी मच्छीमार नौका सोडवल्या. सुटका झालेल्यांत १९ पाकिस्तानी खलाशी होते. श्रीलंकेसाठीही गोव्याने नवी गस्ती जहाजे बांधली. त्यांतील ‘सयुराला’ २०१७ मध्ये त्या देशाच्या नौदलात गेले.

१६/ याच्या उलट उदाहरणही आहे. २०११ मध्ये गुजरातेतील पिपावाव येथील खासगी गोदीला नौदलाच्या पाच गस्ती जहाजांचे काम मिळाले. गोदी प्रशस्त होती, युद्धनौका बांधण्याचा अनुभव नव्हता. पुढे आर्थिक संकटही ओढवले. एकही जहाज नौदलाच्या हाती न येता करार रद्द झाला. मार्च २०२३ मध्ये ११ नव्या गस्ती जहाजांचे करार झाले, तेव्हा त्यांतील सात गोव्याकडे आणि चार कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे गेली.

१७/ आता पुन्हा पाणबुड्यांकडे. १९९९ मध्ये सरकारने ३० वर्षांची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत २४ पाणबुड्या बांधायच्या आणि त्यासाठी दोन ठिकाणी एकाच वेळी काम चालवायचे, असा तिचा गाभा होता. प्रत्यक्षात पहिला करार व्हायला २००५ उजाडले. फ्रेंच ‘स्कॉर्पिन’ आराखड्याच्या सहा पाणबुड्या माझगावात बांधायच्या ठरल्या. दुसऱ्या ठिकाणचे काम कागदावरच राहिले.

१८/ पहिली स्कॉर्पिन २०१२ मध्ये मिळणे अपेक्षित होते. पण ११ वर्षांच्या खंडानंतर माझगावला मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. माणसे पुन्हा परदेशी पाठवली गेली, या वेळी फ्रान्सला. परदेशी सुटे भाग मिळण्यातही अडचणी आल्या. पहिली पाणबुडी मिळाली डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे पाच वर्षे उशिरा.

१९/ त्या पाच वर्षांत सारा भार जुन्या पाणबुड्यांवर होता. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षकवर स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात आयएनएस सिंधुरत्नवर आग लागून दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला.

२०/ या दोन्ही दुर्घटनांचे खापर केवळ पाणबुड्यांच्या वयावर फोडता येणार नाही. सिंधुरक्षक तर रशियातून मोठी दुरुस्ती करून नुकतीच परतली होती. परंतु ताफा तोकडा असला की एक पाणबुडी गमावणे किती जड जाते, हे तेव्हा कळले. दुरुस्तीचा मार्गही सोपा नसतो: सिंधुकीर्ती विशाखापट्टणमच्या गोदीत २००६ पासून २०१५ पर्यंत अडकून पडली होती.

२१/ सहाही स्कॉर्पिन यथावकाश आल्या: कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि १५ जानेवारी २०२५ रोजी वागशीर. नावे सारी जुन्या ‘फॉक्सट्रॉट’ पाणबुड्यांची. नौदलाच्या परंपरेत निवृत्त नौकेचे नाव पुढच्या पिढीला मिळते. विद्येचे मात्र तसे नसते. ती नावासारखी वीस वर्षांनी परत बोलावता येत नाही.

२२/ पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव डॉक आणि जर्मनीची टीकेएमएस यांचा प्रस्ताव पुढे आला. टीकेएमएस म्हणजे जुन्या एचडीडब्ल्यूचीच वारसदार कंपनी. तिची गोदी कीललाच. १९८१ मध्ये जेथून आरंभ झाला, तेथेच २०२५ मध्ये भारत पुन्हा वाटाघाटींना बसला. दरम्यान पाणबुडीला अधिक काळ पाण्याखाली राहू देणारी इंधनघटावरची यंत्रणा अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली आणि २०२१ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली.

२३/ वास्को आणि माझगाव यांच्या वाटा एका ठिकाणी वेगळ्या झाल्या. एका गोदीला काम मिळत राहिले, दुसरीचे थांबले. भ्रष्टाचाराच्या आरोपाची चौकशी आवश्यकच होती. पण चौकशीबरोबर गोदीचे कामही थांबवण्याची किंमत त्या वेळी कोणी मोजली नाही. ती पुढच्या पिढीतील नौसैनिकांनी जुन्या पाणबुड्यांतून बुड्या मारत मोजली. वागशीर गोदीतून बाहेर पडल्यावर माझगावच्या वेल्डरांपुढे तोच जुना प्रश्न उभा आहे: पुढच्या पाणबुडीचे पोलाद केव्हा कापायचे?