न पटणारी गोष्ट : निफाडचे रानडे आणि प्रभातचे ‘कुंकू’

१/
निफाड म्हटले की महाराष्ट्राला द्राक्षबागा आठवतात आणि हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकणारे नीचांकी तापमान आठवते. इतिहासाच्या वाचकाला आणखी एक गोष्ट आठवते. १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म याच गावी झाला. एका चित्रपटावरील वादाची गोष्ट सांगताना सुरुवात निफाडपासून का करावी, याचे उत्तर या धाग्यात आहे.

२/
चित्रपट आहे ‘कुंकू’. निर्मिती पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीची, वर्ष १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. हाच चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. तीन नावांपैकी दोन नावांत ‘न पटणे’ आणि ‘न मानणे’ आहे. म्हणजे वाद शीर्षकापासूनच सुरू होतो.

३/
कथा थोडक्यात अशी : नीरा ही अनाथ तरुणी. तिला सांभाळणारे नातेवाईक पैशासाठी, फसवून, तिचे लग्न काकासाहेब या वयस्क विधुर वकिलाशी लावून देतात. काकासाहेबांना मोठी झालेली मुले आहेत. लग्न लागते, पण नीरा हे नाते मान्य करीत नाही. ती रडत बसत नाही आणि पळूनही जात नाही. त्याच घरात राहून ती ‘नाही’ म्हणते, आणि पुढचा सारा चित्रपट त्या एका ‘नाही’चा आहे.

४/
विषय मराठी रसिकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले होते. त्यातला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ हा हास्याचा विषय आहे. प्रेक्षक त्याला हसतो, त्याचा तिरस्कार करतो आणि लग्न मोडल्यावर सुटकेचा श्वास सोडतो. ‘शारदा’ विचारते, हे लग्न थांबवता येईल का? ‘कुंकू’ विचारते, लग्न होऊन गेले असेल तर पुढे काय?

५/
‘कुंकू’ येईपर्यंत कायदाही बदलत गेला होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर नेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले होते हे सर्वश्रुत आहे. पुढे १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. तोच ‘सारडा कायदा’. त्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरवले.

६/
पण नीरा बालिका नाही. ती जाणती आहे, वाचते, बोलते, युक्तिवाद करते. तिच्या लग्नात सारडा कायद्याचा भंग झालेला नाही. ‘शारदा’च्या काळात ‘लहान मुलीचे लग्न’ आणि ‘विजोड लग्न’ हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. ‘कुंकू’ने ते सोडवून वेगळे केले. वय हा मुद्दा बाजूला काढल्यावर उरतो तो शुद्ध प्रश्न : मुलीला विचारले होते का?

७/
आता निफाडच्या सुपुत्राकडे वळू. रानड्यांचे बालपण कोल्हापुरात गेले, शिक्षण मुंबईत झाले आणि सार्वजनिक जीवन पुण्यात फुलले. ते विधवाविवाहाचे जाहीर समर्थक होते. १८७३ साली त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. त्यांनी एखाद्या विधवेशी विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच भीती होती.

८/
वडिलांनी घाईने मुलगी ठरवली. रानड्यांनी विरोध केला, पण वडिलांचा शब्द त्यांना मोडता आला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस लग्न झाले. वराचे वय ३१, वधूचे ११. ही वधू म्हणजे रमाबाई रानडे. जन्म १८६२, माहेर कुर्लेकरांचे, देवराष्ट्रे गावचे. सुधारकांच्या अग्रणीने ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केले, ही बातमी विरोधकांना आयतीच मिळाली. स्वकीयांनाही ती पटली नाही.

९/
येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘कुंकू’ हा रानड्यांवरचा चित्रपट नाही. काकासाहेब म्हणजे रानडे नव्हेत. दोघांच्या वयांत आणि परिस्थितीत पुष्कळ अंतर आहे. तरीही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एकच पेच दिसू लागतो : सज्जन माणसाच्या हातून झालेल्या अन्यायाकडे कसे पाहायचे?

१०/
केशवराव दाते यांनी रंगवलेले काकासाहेब पाहावेत. भुजंगनाथासारखे ते हास्यास्पद नाहीत. तरुण दिसण्याचा त्यांचा आटापिटा पाहताना हसू येते, पण ते ओठांवरच विरते. हळूहळू त्यांना स्वतःची चूक कळते. प्रेक्षकाला त्यांची दया येते. आणि दया आली म्हणून नीराचा ‘नाही’ तसूभरही चुकीचा ठरत नाही. चित्रपटाची सर्वांत अवघड कामगिरी हीच आहे.

११/
चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर होणाऱ्या वादांत आपण बहुधा खलनायक शोधतो. खलनायक सापडला की वाद संपतो आणि सगळे घरी जातात. ‘कुंकू’ ही सोय देत नाही. ‘काकासाहेब चांगले होते का?’ आणि ‘त्यांनी केले ते योग्य होते का?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, असे तो बजावतो. पहिल्याचे उत्तर ‘हो’ असूनही दुसऱ्याचे ‘नाही’ असू शकते.

१२/
रानड्यांविषयीच्या वादात हेच दोन प्रश्न वर्षानुवर्षे एकमेकांत मिसळले जातात. एक पक्ष म्हणतो : त्यांनी रमाबाईंना स्वतः शिकवले, घरातील बायकांचा विरोध असूनही शिकवले, म्हणजे सारे योग्यच झाले. दुसरा म्हणतो : त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केले, म्हणजे सारी सुधारणा ढोंग होती. दोन्ही पक्ष एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवतात.

१३/
रमाबाईंचे कर्तृत्व निर्विवाद आहे. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. पुण्याच्या सेवासदनाची उभारणी १९०९ साली त्यांच्या पुढाकाराने झाली. त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यात पतीविषयी अपार भक्ती आहे. शिकताना घरातील स्त्रियांकडून सोसलेले टोमणेही आहेत. एवढे सारे खरे असूनही, ११ वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नव्हते हेही खरेच राहते. चांगला परिणाम म्हणजे मूळ कृतीचे समर्थन नव्हे.

१४/
मौज अशी की असा वाद जाहीरपणे आणि सभ्यपणे घालण्याची सवय मराठी समाजाला ज्यांनी लावली, त्यांत रानडे अग्रभागी होते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. १८७८ साली लोकहितवादींसह त्यांनी मराठी ग्रंथकारांची सभा बोलावली. मत मांडावे, प्रतिपक्षाचे ऐकून घ्यावे आणि पुन्हा आपले मत तपासावे, ही शिस्त त्या व्यासपीठांनी रुजवली. तीच शिस्त त्यांच्या स्वतःच्या लग्नालाही लावणे हा त्यांचा अनादर नव्हे.

१५/
पुन्हा चित्रपटाकडे. ‘कुंकू’वर बोलताना केवळ कथेवर बोलून भागत नाही. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते प्रसंगातलेच आवाज : माणसांचे, वस्तूंचे, आणि काकासाहेबांच्या घरातील जुन्या घड्याळाचे. १९३७ साली, गाण्याबजावण्याने भरलेल्या बोलपटांच्या काळात, हे धाडसच होते.

१६/
पण ते केवळ तंत्राचे धाडस नव्हते. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला सांगत असते : येथे रडा, येथे घाबरा, येथे या पात्राच्या बाजूने व्हा. ते काढून घेतल्यावर प्रेक्षक एकटा उरतो. निवाडा त्यालाच करावा लागतो. ‘तंत्र चांगले होते, पण विषय जड होता’ किंवा ‘विषय महत्त्वाचा, तंत्राचे काय एवढे?’ असे दोन तुकडे करून बोलणारे म्हणूनच चुकतात. येथे विषय आणि तंत्र एकच गोष्ट सांगतात.

१७/
नीराची भूमिका शांता आपटे यांनी केली. अमेरिकन कवी लाँगफेलोची एक कविता त्या या चित्रपटात इंग्रजीतच गातात. याच नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री कलाकार मिळाली नव्हती, तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष कलाकार. त्यानंतर अवघ्या २४ वर्षांत पडद्यावरची मराठी तरुणी नवऱ्याला सुनावू लागली होती.

१८/
आणि ते पडद्यापुरते राहिले नाही. १९३९ साली शांता आपटे यांनी प्रभातशी झालेल्या वादातून स्टुडिओच्या दाराशी उपोषण केले. १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. चित्रपटावर मत देण्याचा अधिकार केवळ परीक्षकाचा आणि प्रेक्षकाचा नाही. ज्यांच्या श्रमातून चित्रपट उभा राहतो त्यांचाही आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

१९/
‘कुंकू’वरचा सर्वांत गंभीर आक्षेप शेवटाबद्दल आहे. काकासाहेब आत्महत्या करतात आणि मागे पत्र ठेवतात. नीराने पुनर्विवाह करावा, असा पित्याच्या मायेने दिलेला आशीर्वाद त्या पत्रात आहे. आक्षेपक विचारतात : जिने एवढा लढा दिला, तिची सुटका शेवटी नवऱ्याच्या मरणाने आणि नवऱ्याच्याच परवानगीने का व्हावी? लेखकाने सोपी वाट धरली का?

२०/
आक्षेपात तथ्य आहे. मात्र उत्तर देण्यापूर्वी १९३७ चा कायदा पाहिला पाहिजे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता १८५६ पासून होती. घटस्फोट मात्र मुंबई प्रांतातील हिंदू स्त्रीला १९४७ च्या प्रांतिक कायद्याने मिळाला, आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. म्हणजे नीराला विधवा म्हणून दुसरे लग्न करता येत होते, पण पत्नी म्हणून मोकळे होता येत नव्हते.

२१/
कायद्याने ठेवलेली एकच फट मरणाची होती. लेखक-दिग्दर्शकांनी ती फट जशी होती तशी दाखवली, असे म्हणता येईल. तरीही दुसरा मुद्दा शिल्लक राहतो. कायद्यात नसलेली वाट कल्पनेत दाखवणे हे कलेचे काम नाही का? या प्रश्नावर दोन प्रामाणिक रसिकांची दोन मते होऊ शकतात, आणि दोन्ही ऐकण्याजोगी असतील. इतिहास माहीत असल्याने वाद मिटत नाही. तो अधिक चांगला होतो.

२२/
१९६० साली प्रभातच्या त्याच पुण्यातील जागेत आजची एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, सुरू झाली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. जेथे चित्रपट घडले तेथेच चित्रपट कसा पाहावा आणि त्यावर कसे बोलावे याचे शिक्षण सुरू झाले. दुसरीकडे, २०१२ साली ‘उंच माझा झोका’ या मालिकेने रमाबाई आणि रानडे यांचा संसार घरोघरी पोहोचवला. अनेकांच्या मनात त्या लग्नाची प्रतिमा आज मालिकेतलीच आहे : गोड आणि हळवी.

२३/
त्या मालिकेवर प्रेम करणाऱ्याने एकदा ‘कुंकू’ पाहावा. ‘कुंकू’ पाहून संतापलेल्याने एकदा रमाबाईंच्या आठवणी वाचाव्यात. पहिल्याला त्या गोडव्यात न विचारलेला प्रश्न दिसेल. दुसऱ्याला कळेल की अन्यायातून सुरू झालेल्या आयुष्यातही माणसे एकमेकांना घडवू शकतात. दोघांनाही आपले मत थोडे हलवावे लागेल, आणि चर्चा करायची ती त्यासाठीच.

२४/
निफाडमध्ये जन्मलेल्या त्या माणसाला स्वतःचे लग्न मनातून पटलेले नव्हते, पण वडिलांपुढे त्याला ‘नाही’ म्हणता आले नाही. ११ वर्षांच्या रमेला तर ‘नाही’ हा शब्दच उपलब्ध नव्हता. ६४ वर्षांनी पडद्यावरच्या नीराने तो उच्चारला. चित्रपटगृहातून बाहेर पडताना कोणी ‘मला नाही पटले’ म्हणाले, तर त्याला गप्प करू नये. का पटले नाही, ते विचारावे.

(धागा समाप्त)