स्फोटकांचा परवाना आणि सातबारा

स्फोटकांचा कायदा इंग्रजांनी १८८४ साली केला. त्या काळी आमच्या महाड तालुक्यातल्या महारवाड्यांत बंदुकीची दारू हाताळलेली माणसे होती. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच, पलटणीतले. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. १८९४ साली वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, तर त्यात आपण मूळचे क्षत्रिय आहोत हे सांगावे लागले! बंदूक चालवता येते, एवढे पुरेसे नव्हते.

घरातला मी पहिला पदवीधर, म्हणून भावकीचे अर्ज माझ्याकडेच येतात. वीरच्या एका तरुणाला फटाक्यांचा साठा करायचा आहे. २००८च्या स्फोटके नियमांनुसार ना-हरकत दाखल्यासाठी अर्जदाराचा पूर्वेतिहास, हेतूचा खरेपणा आणि जागेचा कायदेशीर ताबा तपासला जातो. तपासणी हवीच, वस्तीत साठा फुटला तर मरणारे आपलेच असतात. पण ताब्याचा रकाना कोरा का राहतो, हा इतिहासाचा प्रश्न आहे. भाड्याने जागा मागितली, तर मालकाने आधी आडनाव विचारले.

गावकीच्या चाकरीला बांधलेली महारांची जमीन १८७४च्या वतन कायद्याने तशीच बांधून ठेवली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले. ते मागे घ्यावे लागले. १९५८च्या कायद्याने महारकी गेली, परंतु तीच जमीन नावावर करून घ्यायला कब्जेहक्काची रक्कम भरायची होती. ज्यांच्या गाठीला ती नव्हती, त्यांच्या नातवाने आज अर्जाला कोणता सातबारा जोडावा?