रॉक स्लायडर घेताय? नुसतं पायदान गळ्यात पडू नये म्हणून एवढं तपासा

मांजरसुंबा : पालीपासून घाट चढून मांजरसुंब्याला आलं की बालाघाटचं पठार लागतं. हायवे गुळगुळीत आहे. पण हायवे सोडून नेकनूर, लिंबागणेश, कपिलधारच्या बाजूला आत शिरलं की पाणंदीचे अन् ओढ्यातले रस्ते लागतात. खाली काळा पाषाण, वर मुरमाचा थर. दोन मोठे पाऊस झाले की मुरूम वाहून जातो अन् दगडाची टोकं उघडी पडतात.

अशा रस्त्याला चालणाऱ्या थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, बोलेरो आता गावोगाव दिसतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना दाराखाली जाड काळा पाईप लावलेला असतो. त्याला रॉक स्लायडर म्हणतात. अडचण अशी की रॉक स्लायडर अन् पाय ठेवायचं साधं पायदान लांबून सारखंच दिसतं. पैसे स्लायडरचे द्यायचे अन् घरी पायदान आणायचं, असं होऊ नये म्हणून ही माहिती.

स्लायडरचं काम काय?

पुढच्या अन् मागच्या चाकाच्या मधे, दाराच्या खाली जो लांब पत्रा असतो, तो गाडीचा नाजूक भाग. पुढचं चाक दगडावरून उतरलं की गाडीची कूस त्याच दगडावर बसते. पत्रा आत दबला की दार नीट लागत नाही, रबर सुटतं, पाणी आत येतं. हा पत्रा बदलायचा म्हणजे कापून नवा जोडावा लागतो, वर रंगकाम वेगळं.

स्लायडर दोन कामं करतो. गाडीचं वजन दगडावर स्वतः पेलतो, अन् गाडीला दगडावरून घसरून पुढं जाऊ देतो. नावातला 'स्लायडर' त्यावरूनच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलसारख्या खडकाळ वाटांवर जीप चालवणाऱ्यांमुळं ही वस्तू नावारूपाला आली. जीप रँग्लर रुबिकॉनला तर असं रेल कंपनीतूनच बसवून येतं.

तुम्हाला खरंच लागतो का?

आधी गाडीखाली वाकून बघा. दाराखालच्या पत्र्यावर ओरखडे, पोचे असतील तर स्लायडरचा विचार करा. ओरखडे मधोमध, म्हणजे ऑइल चेंबर, गिअरबॉक्स किंवा डिझेल टाकीवर असतील तर स्लायडर उपयोगाचा नाही. तिथं खालून लावायची जाड संरक्षक प्लेट लागते.

दोन चाकांमधलं अंतर जास्त असेल तर गाडीची कूस लवकर टेकते. २०२० ची तीन दारांची थार या मापात २४५० मिमी आहे, पाच दारांची जिम्नी २५९० मिमी, अन् २०२४ ला आलेली थार रॉक्स २८५० मिमी. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिमी तर जिम्नीची २१० मिमी आहे. म्हणजे लांब अन् बुटक्या गाडीला स्लायडरची गरज आधी पडते. फक्त डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला तो लावणं म्हणजे रोज फुकटचं ओझं वाहणं.

पहिली अट : चेसिस

थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, बोलेरो, गुरखा या गाड्यांना खाली शिडीसारखी वेगळी चेसिस असते अन् बॉडी तिच्यावर रबर ठेवून बसवलेली असते. खरा स्लायडर या चेसिसलाच धरतो. त्याचे पाय दाराखालच्या पत्र्याला जोडलेले असतील तर ते पायदान समजा. दगड लागला की ते पत्र्याला घेऊनच दबेल.

क्रेटा, ब्रेझासारख्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. त्यांना हा स्लायडर बसवायच्या भानगडीत पडू नका.

पाईपची जाडी : इथंच फसवणूक होते

गाडी एका बाजूनं दगडावर बसली की जवळपास निम्मं वजन त्या स्लायडरवर येतं. जिम्नी सुमारे १२०० किलोची हलकी गाडी, तरी ६०० किलो झालेच. वरून आदळली तर झटका याहून मोठा.

फॅब्रिकेशनवाला जाडी गेजमधे सांगतो. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवा. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी, १० गेज म्हणजे सव्वातीन मिमीच्या आसपास. १६ गेजचा पाईप गेट, खुर्च्या अन् पायदानाला ठीक आहे. स्लायडरला तीन मिमीच्या खाली जाऊ नका. जड गाडीला चार मिमी बरा.

आपल्या ओळखीचा पाण्याचा पाईप घ्या. 'दीड इंची' म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. आयएसआय पाईपवर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. दीड इंचीत निळ्याची जाडी ३.२५ मिमी अन् लालची ४.०५ मिमी. फर्निचरचा दीड इंची पाईप वेगळा. तो बाहेरून ३८ मिमीच भरतो.

तयार स्लायडरच्या आतली जाडी दिसत नाही, कारण तोंडं बंद केलेली असतात. तिथं वजन कामाला येतं. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, आलेल्या आकड्याला जाडीनं गुणा, मग ०.०२४६६ नं गुणा. सगळी मापं मिमीत धरली की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. ४८.३ मिमीचा पाईप ३.२५ मिमी जाड असेल तर मीटरला ३.६ किलो भरतो. तोच १.६ मिमी असेल तर फक्त १.८ किलो. पाईप किती मीटर लागलाय ते टेपनं मोजा अन् स्लायडर काट्यावर ठेवा. प्लेटा अन् पाय धरून वजन हिशोबापेक्षा थोडं जास्तच भरायला पाहिजे. कमी भरलं तर घेऊ नका.

गॅल्वनाइज्ड पाईपवर थेट वेल्डिंग करू नका. जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. काळा पाईपच घ्या.

वेल्डिंग की बोल्ट?

गावाकडं आपण सगळं वेल्डिंगनं धरतो. गाडीच्या चेसिसवर मात्र नटबोल्टचा स्लायडर बरा. वेल्डिंगच्या उष्णतेनं चेसिसचं पोलाद त्या जागी कमकुवत होऊ शकतं अन् पुढं तिथंच तडा जातो. चेसिसच्या आतल्या बाजूनं ब्रेकची अन् डिझेलची नळी जाते, वायरिंगही असतं. बोल्टचा स्लायडर वाकला तर काढून बदलता येतो.

एका बाजूला किमान तीन पाय हवेत, लांब गाडीला चार. प्रत्येक पायाला चेसिसवर टेकणारी रुंद प्लेट हवी, म्हणजे जोर एका जागी येत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला बघून घ्या. बिनआकड्याचा बोल्ट नको. नट नायलॉक लावा. चेसिसमधे आधीच असलेली भोकं वापरा. तिच्या वरच्या अन् खालच्या काठाला नवीन भोक पाडू देऊ नका. वेल्डिंग करावीच लागली तर बॅटरीचं मायनस आधी काढा.

आकार कसा असावा?

स्लायडर चेसिसच्या खाली लोंबकळता कामा नये, नाहीतर गाडीची उंची आपणच कमी करतो. दाराखालचा पत्रा अन् स्लायडर यात बोटभर तरी फट हवी, कारण बॉडी रबरावर हलते. बाहेरची बाजू जराशी वर उचललेली असली तर गाडी कलल्यावर पत्रा वाचतो. मागचं टोक थोडं बाहेर वळवलेलं असलं तर झाडाबुंध्यापाशी गाडीची शेपटी बाहेर ढकलली जाते. पण ते चाकाच्या बाहेर यायला नको. बाजारात, यात्रेच्या गर्दीत ते कुणाच्या तरी पायाला लागेल.

पाईपच्या तळाला बारीक भोक ठेवा, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जाईल. काळी माती पाईपवर अडकून ओल धरते अन् गंज आतूनच लागतो. रेड ऑक्साइडवर साधा काळा रंग दिला तरी चालतं. दगडानं खरवडलं की घरीच ब्रश मारता येतो.

कायदा अन् विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मधे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डिसेंबर २०१७ मधे केंद्राच्या परिवहन खात्यानं पुढच्या बुलबारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं. म्हणून स्लायडरबरोबर पुढचा लोखंडी बंपरही 'सेटमधे' गळ्यात मारत असतील तर नाही म्हणा.

गाडीच्या कंपनीचीच ॲक्सेसरी मिळत असेल तर ती आधी बघा अन् तिची पावती जपून ठेवा. बाहेरून करून घ्यायचा असेल तर आरटीओत अन् विमा कंपनीला आधी विचारा. पिवळ्या पाटीच्या पिकअपला फिटनेसला जावं लागतं, त्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच बसवू नये.

पैसे देण्याआधी एक परीक्षा

गाडी सपाट कडक जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअरमधे ठेवा, पलीकडच्या दोन्ही चाकांना दगड लावा. आत कुणी बसू नये अन् गाडीखाली कुणी हात-डोकं घालू नये. मग स्लायडरच्या मधोमध बॉटल जॅक लावून गाडीची ती बाजू हळूहळू उचला.

पत्र्याजवळची फट तशीच राहिली, पाय हलले नाहीत अन् जॅक काढल्यावर पाईप सरळ राहिला तर पैसे द्या. पाईप वाकला किंवा पत्र्याला टेकला तर तो स्लायडर नव्हे. जे जॅकवर टिकलं नाही ते ओढ्यातल्या दगडावर टिकायचं नाही. ही परीक्षा करू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर तिथून निघालेलं बरं.