स्टेशन चौकात स्टेशन नाही

सांगलीत नवख्या माणसाची एका ठिकाणी हमखास फसगत होते. भर शहरात ‘स्टेशन चौक’ आहे, पण तिथे ना रूळ, ना फलाट. गाडी पकडायला विश्रामबागच्या दिशेने जावे लागते. चौकाला नाव लागले ते जुन्या मीटरगेज स्टेशनमुळे. स्टेशन गेले, नाव मात्र राहिले. स्टेशनचे हे लांब जाणे वाटते तेवढे किरकोळ नाही. पर्यावरणपूरक वाहतूक म्हटले की हल्ली बॅटरीवरच्या गाड्यांची चर्चा सुरू होते. सांगली–मिरज पट्ट्याचा इतिहास पाहिला तर गाडी कशावर चालते यापेक्षा ती दारापासून किती लांब उभी राहते, यावरच सगळे अडलेले दिसते.

1880 च्या दशकात दक्षिण मराठा रेल्वेने पुण्याहून मिरजेकडे मीटरगेज टाकली, तेव्हा मुख्य मार्गाने सांगलीला बगल दिली. बाजारपेठ सांगलीची, गाडी मिरजेला, असा प्रकार. संस्थानी राजधानीला ते परवडणारे नव्हते. 1907 मध्ये मिरजेपासून सांगलीपर्यंत सुमारे पाच मैलांचा फाटा टाकला गेला. पाच मैल म्हणजे बैलगाडीचा दोन-अडीच तासांचा रस्ता. तेवढ्यासाठी रूळ, स्टेशन, इंजिन असा सगळा संसार मांडावा लागला. हळद आणि गुळाच्या पेठेला तो मांडणे भागच होते.

सांगलीजवळच्या माधवनगरची गोष्ट उलटी. सांगलीने गाडी गावाकडे ओढून आणली, इथे गावच रुळाकडे येऊन बसले. शेजारचे बुधगाव हे धाकट्या पातीच्या मिरज संस्थानचे राजधानीचे ठिकाण. तिथले अधिपती माधवराव पटवर्धन यांच्या नावाने ही वस्ती वसली. माधवनगर कॉटन मिल आली, यंत्रमागांची खडखड सुरू झाली. कापसाच्या गाठी आणि सुताची बाचकी फार लांब वाहून न्यायची नसली की बैल पुरतो, हातगाडीही पुरते. माणसाला तर सायकलच पुष्कळ. सांगली इथून चार-पाच किलोमीटर.

सायकलीवरून आठवले. याच लोहमार्गावर पुढे किर्लोस्करवाडी आहे आणि तिथल्या कारखान्याचे मूळ एका सायकल दुकानात आहे. 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात ते थाटले. पुढे ते लोखंडी नांगर बनवू लागले आणि तिथली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली. 1910 मध्ये किर्लोस्कर आले ते कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर. त्या माळाची मोठी जमेची बाजू एकच, आगगाडी तिथे थांबत होती. कोळसा आणि लोखंड उतरवून घ्यायचे, नांगर चढवायचे. पुढे त्या स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले.

जुन्या रेल्वेचे गोडवे मात्र जपूनच गावेत. मीटरगेजने आलेला माल मुंबईला जायचा तर पुण्यात उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात भरावा लागे. मिरजेत तर 1927 पासून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेजही येऊन मिळाली. रुळांच्या रुंदीतला हा फरक भरून निघे तो हमालांच्या पाठीवर. पोते तेच, दर ठिकाणी नव्याने उचलायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, सांगली मुख्य मार्गावर आली आणि शहरातले जुने स्टेशन मोडीत निघाले.

आता तरी माल रेल्वेकडे यायला हवा होता. झाले उलटेच. रेल्वेने हळूहळू सुटा माल नाकारून अख्खी मालगाडी भरेल असाच ग्राहक धरला. कोळसा, सिमेंट, खत, साखर यांचे त्यात भागले. चाळीस पोती हळद किंवा दहा गाठी कापड पाठवणाऱ्याने करायचे काय? ट्रक गोदामाच्या दारात येतो, रात्री भरला की सकाळी मुंबईत. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा होणारा विरोध डांबरावरच्या टायरच्या काही पटींनी कमी असतो आणि त्यामुळे इंधन वाचते, हे व्यापाऱ्याला सांगून काय उपयोग? त्याला मालधक्क्यावर कुणी उभे करत नव्हते. ट्रकने रेल्वेला हरवले असे म्हणतात. खरे तर रेल्वेनेच मैदान सोडले.

रुळांची ताकद दिसली ती अडचणीच्या वेळी. एप्रिल 2016 मध्ये लातूरच्या नळांना पाणी नव्हते, तेव्हा मिरजेत कृष्णेचे पाणी वाघिणींत भरून पाठवले गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे टँकर लावले असते तर पन्नास लागले असते. नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर ही वाट मुळात त्याच बार्शी लाइट रेल्वेची. ती ब्रॉडगेज झाली नसती तर ‘जलदूत’ ही पाण्याची गाडी निघालीच नसती.

पुणे–मिरज मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत. दुसरा रूळ टाकायचा म्हणून सांगली–माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा पूल पाडून नवा बांधावा लागला. वीज बव्हंशी कोळशाचीच, हे खरे. पण तीच गाडी उद्या उन्हाच्या विजेवर चालू शकते, डिझेल इंजिनाचे तसे नाही.

आणि बैल? तो अजून आहे. गळीत हंगामात बीडकडची ऊसतोड जोडपी येतात, तोडलेला ऊस टायरच्या गाडीवर रचतात. उतारावर ओझे जोखडावर येते आणि बैलाचा खांदा सोलपटतो. 2022 मध्ये इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी त्यावर ‘सारथी’ नावाची साधी जोडणी केली. गाडीच्या पुढच्या बाजूला, दोन बैलांच्या मधोमध एक छोटे तिसरे चाक, बैलांच्या उंचीप्रमाणे वरखाली करता येणारे. ओझ्याचा वाटा ते चाक घेते, बैल फक्त ओढतो. ना बॅटरी, ना मोटार.