पणजीचं लुगडं निळं नव्हतं

आज थिसिस बाजूला ठेवून घरच्या लॅपटॉपवरच्या दोन प्रोग्रामबद्दल लिहिते. एक जुन्या फोटोंना रंग देतो. दुसरा गाण्यातला गायकाचा आवाज काढतो, म्हणजे कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर कॅराओके करता येतो. दोन्ही मी आसनगाव ते दादर या रोजच्या प्रवासात, कसारा लोकलमध्ये बसायला जागा मिळेल तसे लिहिले. पेटची तयारी करणाऱ्या तुम्हाला हे सांगण्याचं कारण असं, की यातल्या पहिल्या प्रोग्रामने मला चांगलंच तोंडघशी पाडलं.

घरात पणजीचा एक फोटो आहे. मागे पेन्सिलीने १९४१ लिहिलंय. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. प्रोग्रामने लुगडं गडद निळं केलं. इतकं सुंदर दिसलं की मी मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली आणि भिंतीवर लावली. दोन महिन्यांनी मामेबहीण कुणाला तरी सांगत होती, "आमच्या पणजीला निळा रंग फार आवडायचा." तेव्हा पोटात गोळा आला.

आधी गणित बघू. रंगीत चित्राचं कृष्णधवल करताना बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्यासाठी लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग घेऊन बेरीज करतं. शुद्ध लाल, म्हणजे २५५, त्याचा करडा आकडा येतो ७६. आता नुसता हिरवा १३० घ्या. त्याचाही ७६! तीन आकड्यांचा एक झाला की परतीची वाट एकच राहत नाही. लाल लुगडं आणि हिरवं लुगडं फोटोत अगदी सारखं दिसू शकतं.

मग रंग परत आणायचा तरी कसा? पूर्वी स्टुडिओत हाताने रंग भरत. तो कारागीर गिऱ्हाईकाला "शालू कुठल्या रंगाचा?" असं विचारू तरी शकायचा, आणि रंग भरलेला आहे हे बघणाऱ्याला कळायचं. २००४ साली लेविन, लिशिन्स्की आणि वाइस यांनी एक छान पद्धत मांडली. माणसाने फोटोवर रंगाच्या चार रेघोट्या ओढायच्या. शेजारच्या ज्या ठिपक्यांचा करडेपणा सारखा आहे, त्यांच्यात गणित तो रंग पसरवतं. म्हणजे रंग कुठला हे माणूसच सांगतो. माझ्या मते अजूनही यापेक्षा प्रामाणिक पद्धत नाही.

त्याच वर्षी 'मुघल-ए-आझम' पूर्ण रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला. १९६० साली मराठा मंदिरला लागला तेव्हाच त्याचा काही भाग टेक्निकलरमध्ये होता. म्हणजे रंग भरणाऱ्यांपुढे त्याच चित्रपटाची खरीखुरी रंगीत रिळं होती. संशोधनात याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. माझ्या पणजीच्या बाबतीत तेच नव्हतं.

पुढे न्यूरल नेटवर्क आलं. माझं पहिलं व्हर्जन साधं होतं: खरा रंग आणि अंदाज यांतल्या फरकाचा वर्ग कमी करायचा. अशा वेळी नेटवर्कला लाल की हिरवा हे ठरवता आलं नाही की ते सरासरी गाठतं. सगळी लुगडी मातकट. २०१६ साली झांग, आयसोला आणि एफ्रोस यांनी यावर उपाय काढला. रंगांचे ३१३ कप्पे करायचे आणि कुठल्या कप्प्याची शक्यता किती ते शिकवायचं, दुर्मिळ भडक रंगांना जास्त वजन देऊन. साधारण १३ लाख फोटोंवर त्यांनी ते शिकवलं. माणसांपुढे खरा आणि यंत्राने रंगवलेला असे दोन्ही फोटो ठेवले, तेव्हा ३२ टक्के वेळा माणसं फसली.

इथे जरा थांबा. ही चाचणी कशाची आहे? रंग पटण्यासारखा आहे का, याची. तो खरा आहे का, याची नाही. पेपरमध्ये हे लपवलेलं नाही. मीच दोन्ही एक समजून बसले.

आणखी एक चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. ती आजीने पकडली. "कुंकू एवढं काळं कसं गं?" सुरुवातीच्या फोटोप्लेटला मुख्यतः निळा प्रकाशच कळायचा. १८७३ साली बर्लिनमध्ये हर्मान फोगेलला सापडलं की योग्य रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवाही दिसतो. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या १९०६ मध्ये, पण लालाला आंधळ्या प्लेटा आणि फिल्म त्यानंतरही कित्येक वर्षं विकल्या जात होत्या. अशा प्लेटवर लाल जवळजवळ काळा उमटतो. कुंकू काजळासारखं दिसतंय म्हणजे पणजीचा फोटो याच जातीचा असावा. माझं नेटवर्क मात्र ०.२९९ च्या सूत्राने करड्या केलेल्या आजच्या फोटोंवर शिकलेलं. त्याच्या हिशोबी एवढं गडद कापड म्हणजे गडद निळं. ज्या डोळ्यांनी फोटो काढला गेला, ते डोळे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

आजी म्हणाली लुगडं लाल होतं, आणि ट्रंकेतून एक गोधडी काढली. आतल्या थरात त्याच लुगड्याचा तुकडा होता. विटका, विटकरीकडे झुकलेला. मूळची छटा आता त्यावरूनही नेमकी सांगता येणार नाही, पण निळा नक्की नव्हता.

आता कॅराओके. स्टीरिओ गाण्यात गायकाचा आवाज सहसा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. एकातून दुसरा वजा केला की आवाज जातो (आणि बहुतेकदा त्याच्याबरोबर ढोलकीही). पण आईच्या आवडीची साठच्या दशकातली गाणी मोनो. दोन्ही बाजू एकसारख्या, वजाबाकी शून्य. पहिल्या कोजागिरीला मी "आता ऐका" म्हणून बटण दाबलं आणि गच्चीवर शांतता! परत तेच: अनेकांचं एक झालं की सुटं करणं हा अंदाजच. २०१९ साली डीझर कंपनीने स्प्लीटर हे सॉफ्टवेअर खुलं केलं. ते मोनोवरही चालतं, पण गळ्याच्या मागोमाग जाणारं हार्मोनियम माझ्याकडे कधी आवाजाबरोबर जातं, कधी अर्धं उरतं.

गंमत म्हणजे १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउएने कॅराओकेचं यंत्र केलं, तेव्हा त्याला हा प्रश्नच आला नव्हता. तो गिऱ्हाइकांना साथ करणारा वादक. एका गिऱ्हाइकाला सहलीला साथ हवी होती, तर याने स्वतः वाजवून टेप दिली. मग नाणं टाकून चालणारी ११ यंत्रं बनवून भाड्याने दिली, पेटंटही घेतलं नाही. त्याने आवाज काढला नाही. साथच नव्याने वाजवली.

यंदा आम्हीही तेच केलं. तळमजल्यावरचे काका पेटी वाजवतात, त्यांना आधी रेकॉर्ड करून ठेवलं. फ्रेममध्ये आता मूळ कृष्णधवल फोटो आहे, शेजारी लेविनच्या पद्धतीने रंगवलेला, आणि खाली लिहिलंय: "लुगड्याचा लाल आजीच्या आठवणीवरून व गोधडीवरून, बाकी रंग अंदाजाने." निळी फाईल मी लॅपटॉपवरून पुसली. मामेबहिणीच्या डीपीवर मात्र पणजी अजून निळ्या लुगड्यातच आहे.