भूक मंदावणे

भूक मंदावणे (अरुची, अग्निमांद्य) : शरीराला अन्नाची गरज असूनही खाण्याची इच्छा कमी होणे किंवा नाहीशी होणे. हे अनेक आजारांत दिसणारे लक्षण आहे, स्वतंत्र आजार नाही. कडक उन्हाळ्यात, जागरणानंतर किंवा साध्या सर्दीत चार दिवस जेवण कमी गेले, तर त्यात काळजीचे कारण नसते. हीच स्थिती दोन आठवड्यांपलीकडे टिकली किंवा वजन उतरू लागले, की कारण शोधावे लागते. सहा ते बारा महिन्यांत काही प्रयत्न न करता वजन ५ टक्क्यांहून अधिक घटणे, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोंहून जास्त वजन जाणे, वैद्यकात गंभीर मानतात.

रुग्ण ही तक्रार ज्या शब्दांत सांगतो ते शब्द नीट ऐकले तर निदान अर्धे सोपे होते. ‘तोंडाला चव नाही’ असे तापात, नाक चोंदल्यावर किंवा काही औषधांमुळे होते. ‘दोन घासांत पोट भरतं’ या तक्रारीत जठराचे विकार, वाढलेली प्लीहा, पोटात साठलेले पाणी यांचा विचार करावा लागतो. अन्नाचा वासही नकोसा होणे कावीळ, गरोदरपण आणि मूत्रपिंड निकामी होणे यांत आढळते. ‘भूक आहे, पण घास अडकतो’ ही तक्रार मात्र अरुचीची नाही. ती अन्ननलिकेच्या विकाराची असू शकते आणि तिची तपासणी लांबवू नये. खाल्ल्यावर दुखते म्हणून जेवण टाळणाऱ्या माणसाचीही भूक शाबूत असते. त्याचे दात, तोंड आणि जठर पाहावे लागते. आयुर्वेदानेही अन्नाला चव न लागणे (अरोचक), अन्नाचा तिटकारा येणे (भक्तद्वेष) आणि जठराग्नी मंद होणे या अवस्था वेगवेगळ्या मानल्या आहेत.

भुकेचे नियंत्रण मुख्यतः मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) या भागाकडे असते. १९५१ मध्ये भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक बाळकृष्ण आनंद आणि अमेरिकेतील जॉन ब्रोबेक यांनी येल विद्यापीठात दाखवून दिले, की उंदरांच्या अधश्चेतकाच्या दोन्ही बाजूंचा ठरावीक भाग नष्ट केला तर ते समोर अन्न असूनही खात नाहीत. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. नंतरच्या संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. रिकाम्या जठरातून स्रवणारे घ्रेलिन भूक वाढवते. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन आणि आतड्यातून येणारी कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ ही संप्रेरके ती आवरतात. लेप्टिनचा शोध १९९४चा, घ्रेलिनचा १९९९चा. मधुमेह व लठ्ठपणावरील सेमाग्लुटाइड हे औषध जीएलपी-१चेच काम करते, त्यामुळे ते घेणाऱ्यांची भूक कमी होते.

आजारपणात भूक का मरते याचे उत्तर बऱ्याच अंशी रोगप्रतिकारयंत्रणेत आहे. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशींतून इंटरल्युकिन-१, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी रसायने बाहेर पडतात. ती मेंदूवर परिणाम करतात आणि ताप, ग्लानी, अरुची एकत्रच येतात. थोड्या दिवसांच्या आजारात शरीर हे सोसते. क्षयासारख्या रेंगाळणाऱ्या आजारात मात्र रुग्ण खंगतो, आणि खंगल्यामुळे प्रतिकारशक्ती आणखी घटते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रात्रीचा घाम आणि उतरणारे वजन यांच्या जोडीला भूक गेलेली असेल, तर थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे टाळू नये. क्षयरुग्णांच्या पोषणासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये निक्षय पोषण योजना सुरू केली. या आजारात आहाराला औषधाइतकेच महत्त्व द्यायला हवे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत डोळे पिवळे होण्याच्या काही दिवस आधीच अन्नावरची वासना उडते. आपल्याकडे अशा रुग्णाचे तेल आणि हळद बंद करण्याची पद्धत आहे. हळदीचा रंग पिवळा, एवढाच तिचा दोष. या पथ्यापायी आधीच न जेवणाऱ्या माणसाचे जेवण आणखी बेचव होते.

अरुचीचे सर्वांत घातक रूप तीव्र कुपोषित बालकांत दिसते. उपाशी मूल अन्नावर तुटून पडेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कुपोषण एका मर्यादेपलीकडे गेले की यकृत व आतड्यांचे काम मंदावते, पोटॅशियम, जस्त यांसारखी द्रव्ये कमी पडतात, छुपा संसर्ग बळावतो आणि मूल घास तोंडाबाहेर काढते. ते रडत नाही, मागत नाही. घरच्यांना वाटते, त्याला भूकच कमी. म्हणून अशा बालकांसाठी भूक चाचणी ठरवलेली आहे. शांत जागी आईच्या मांडीवर बसवून मुलाला विशिष्ट पौष्टिक आहार देतात आणि वजनाच्या प्रमाणात ते किमान किती खाते हे पाहतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषित गणले जाते. असे मूल चाचणीत खात नसेल, तर त्याला गावात ठेवून चालत नाही. त्याला रुग्णालयात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागांतील कुपोषणाशी झगडणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या दृष्टीने ही साधी चाचणी फार मोलाची आहे. दाखल केल्यावरही मुलाला एकदम भरपूर खाऊ घालत नाहीत, कारण ते त्याच्या जिवावर बेतू शकते. आधी १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेले दूधमिश्रण रात्रंदिवस थोड्या थोड्या वेळाने देतात. भूक परतली, की १०० कॅलरींच्या मिश्रणाकडे वळतात. उपचाराचा पहिला टप्पा पार पडल्याची खूण म्हणजे हे भूक परत येणे.

निरोगी मुलाची गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जवळपास तिप्पट होते, त्यानंतर वाढीचा वेग खूप कमी होतो आणि भूकही त्या मानाने उतरते. याच सुमारास आईवडील ‘हा काहीच खात नाही’ म्हणून दवाखान्यात येतात. वजन-उंचीचा आलेख व्यवस्थित असेल, तर दिवसभराचे दूध आणि जेवणाआधीची बिस्किटे कमी करणे बहुधा पुरते.

यकृताचे जुने विकार, हृदयविकारात पोटाच्या अवयवांत साठणारे रक्त, थायरॉइडची कमतरता, जठर व स्वादुपिंडाचे कर्करोग हीदेखील अरुचीची कारणे आहेत. कर्करोगात स्नायू इतके झिजतात, की केवळ जास्त खाऊन ती झीज भरून येत नाही. औषधांपैकी मेटफॉर्मिन, अनेक प्रतिजैविके, अफूजन्य वेदनाशामके आणि कर्करोगावरील औषधे भूक मारतात. हृदयविकारावरील डिगॉक्सिन या औषधाची मात्रा जास्त झाल्याची पहिली खूण अरुची असू शकते. तंबाखू आणि मिशरीतील निकोटिनही भूक दाबते. कष्टाच्या कामावर पोटाची आग विसरण्यासाठी ती वापरली जाते, हे कारण विचारल्याशिवाय कळत नाही.

नैराश्यात अन्नाची गोडी जाते. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या मानसिक आजारात, ज्याला १८७०च्या दशकात लंडनचे विल्यम गल यांनी हे नाव दिले, भूक सहसा सुरुवातीला असते. वजन वाढण्याच्या भीतीने ती दडपली जाते. म्हातारपणी वास व चव बोथट होतात, जठर सावकाश रिकामे होते, कवळी टोचते, गोळ्या वाढतात. त्यात जोडीदार गेल्यावर एकट्यासाठी स्वयंपाक करण्याचा उत्साह राहत नाही. वृद्धाच्या अरुचीला ‘वय झालं’ म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे; तिच्यामागे बऱ्याचदा बरे होण्याजोगे कारण सापडते.

उपचार कारणावर अवलंबून असतात. तोवर थोडे थोडे पण अनेकदा खाणे, सकाळी भूक बरी असेल तेव्हा मुख्य जेवण घेणे, पेज किंवा खिचडीत तूप, शेंगदाण्याचे कूट, अंडे घालून घास कसदार करणे, जेवणाआधी फार पाणी न पिणे यांचा उपयोग होतो. भूक वाढवणारी म्हणून विकली जाणारी टॉनिके मूळ रोग झाकतात. सायप्रोहेप्टाडीन हे ॲलर्जीवरचे औषध भूक वाढवते खरे, पण गुंगीही आणते. बक्लिझिन या त्याच जातीच्या औषधाच्या भूकवर्धक म्हणून होणाऱ्या वापरावर संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१२च्या अहवालात आक्षेप नोंदवला होता. तपासणीशिवाय अशी बाटली मुलांना किंवा वृद्धांना देऊ नये.